वाकळे सर आणि शाळेचा रेडिओ

परवा मुलाच्या घरी दूरचित्रवाणीवर कुठल्याशा परदेशी वाद्यवृंदाचा कार्यक्रम लागला होता. शंभरेक माणसे काळ्या पोशाखात बसून आपापली वाद्ये लावून घेत होती. मुलाने आवाज बंद केला. म्हणाला, "सुरू झालं की वाढवतो." मी म्हणालो, "आत्ता वाढव." माझा स्वर बहुधा कडक असावा, त्याने मुकाट्याने वाढवला. मिनिटाभरात ते लावणे संपले, टाळ्या झाल्या आणि मी उठून ओसरीवर आलो. सुनेने विचारले, "बाबा, आवडलं नाही का?" उत्तर लांबले असते. ते इथे लिहितो.

यशवंत लक्ष्मण वाकळे बोरीच्या शाळेत विज्ञान शिकवत. मी तिथे मुख्याध्यापक होतो. काळ साधारण एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या मध्याचा. उंच, किरकोळ अंगाचा माणूस. पांढरा सदरा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला. कोणी बोलू लागले की ते मान किंचित फिरवून डावा कान पुढे करीत. नवख्या माणसाला वाटे, यांना कमी ऐकू येते. खरे तर त्यांना गरजेपेक्षा जास्त ऐकू येई. वर्गातल्या मागच्या बाकावरचा मुलगा पेन्सिल कुरतडतो आहे की खडू, हे ते फळ्याकडे तोंड करून सांगत.

कुठलीही वस्तू हाती आली की आधी ती वाजवून पाहायची, ही त्यांची खोड होती. टेबल, घागर, परीक्षानळी, नव्या इमारतीचा पत्रा, सगळ्यांवर बोटाच्या पेराने टकटक होई. बाजारात एकदा त्यांनी कुंभाराचे वीसेक माठ ओळीने वाजवले.

"मास्तर, घ्यायचंय का नुसतं वाजवायचंय?" कुंभारीण म्हणाली.

"हा घेतो," वाकळे म्हणाले. "बाकीच्यांत एक तडकलेला हाय. डावीकडून चौथा. कुणाला देऊ नका."

कुंभारणीने तो माठ उचलून पाहिला आणि बाजूला ठेवला. त्यानंतर नवे माठ उतरले की ती मुलाला शाळेत धाडी: "मास्तरला म्हणावं, वाजवून जा."

त्यांचे एक वाक्य ठरलेले होते. "आवाज वाईट नसतो, सर. अनोळखी असतो." शिक्षकांच्या खोलीत या वाक्याची पुष्कळ थट्टा होई. बाहेर गाढव ओरडले की कोणी तरी म्हणे, "वाकळे सर, अनोळखी पाहुणे आलेत."

शाळेला शैक्षणिक कार्यक्रमांसाठी तीन बँडचा एक मोठा ट्रान्झिस्टर मिळाला होता. तो माझ्या कार्यालयातल्या कपाटात कुलपात असे. वाकळ्यांकडे स्वतःचा लहान रेडिओ होता, परंतु त्यावर लघुलहरी लागत नव्हत्या. रुजू झाल्यानंतर सहा महिन्यांनी त्यांनी माझ्याकडे अर्ज दिला. विषय: शालेय रेडिओ रविवारी सकाळी ऐकण्यास परवानगी मिळणेबाबत. कारण: जिज्ञासा.

मी शेरा मारला, "कारण अपुरे आहे." दुसऱ्या दिवशी अर्ज पुन्हा आला. कारणाच्या जागी तोच एक शब्द होता; अक्षर तेवढे अधिक वळणदार होते. मी चार अटींवर परवानगी दिली. रेडिओ कार्यालयाबाहेर जाणार नाही. सेल स्वतःचे घालावेत. एरियलची तार ध्वजस्तंभाला बांधू नये. ऐकताना मुख्याध्यापक किंवा शिपाई हजर असावा. मी शाळेच्या मागेच राहत असे आणि रविवारी हजेरीपट तपासत असे. त्यामुळे चौथ्या अटीची शिक्षा मलाच झाली.

रविवारी सकाळी सातच्या सुमारास ते येत. खिडकीच्या गजापासून समोरच्या लिंबापर्यंत तांब्याची तार ताणत. मग काटा केसभर इकडे, केसभर तिकडे. युरोपातल्या एका केंद्रावरून त्या वेळी नव्या संगीताचा तासाभराचा कार्यक्रम लागे. नवे म्हणजे किती नवे, हे मला पहिल्याच रविवारी कळले. एक सूर दहा मिनिटे हलला नाही. मग त्याच्या पोटातून दुसरा निघाला आणि दोघे एकमेकांना घासू लागले. आमचा शिपाई गफूर दारात उभा होता. तो आत आला आणि त्याने रेडिओला वरून एक चापट मारली.

"गफूरभाई!" वाकळे ओरडले. त्यांना ओरडताना मी तेवढे एकदाच पाहिले.

"सर, इसमें कुछ घुस्या दिसता," गफूर म्हणाला. "मैं निकालतूं ना."

वाकळ्यांनी त्याला समजावले की रेडिओ ठीक आहे. हे संगीतच असे आहे. विजेच्या यंत्रातून आवाज तयार करतात, फितीवर घेतात, तिचे तुकडे कापून जोडतात. कधी त्याच्या जोडीला शंभर माणसांचा वाद्यवृंद असतो. गफूरने ऐकून घेतले आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "साब, इनकू छुट्टी की जरूरत है."

या कार्यक्रमांची त्यांनी एक वही ठेवली होती. तारीख, काट्याचा आकडा आणि पुढे आवाजाचे वर्णन. ती वही मी वाचली आहे. "कापसाच्या गाडीचे चाक, वंगण संपलेले." "पितळी पातेले भरत जाताना." "जिनिंगचा भोंगा बंद पडल्यानंतरचा गाव." "टिटवी, पण लोखंडाची." मला संगीतातले काही कळत नाही. तथापि ही वर्णने वाचून पुढच्या रविवारी मला ती टिटवी ऐकू आली, हे मान्य केले पाहिजे.

सेलच्या बाबतीत ते काटकसरी होते. कार्यक्रम प्रत्यक्ष मैफलीचा असला, तर आरंभी निवेदक बोलत असे आणि त्याच्या मागे वादक वाद्ये लावत असत. तेवढा वेळ वाकळे रेडिओ बंद ठेवीत आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत बसत. दोन मिनिटे झाली की पुन्हा लावीत.

वर्षभर मी त्यांना काही विचारले नाही. एका रविवारी विचारले. "वाकळे, यात तुम्हाला काय सापडते?"

त्यांनी तार गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "सर, आपल्याकडं वाद्य ऐकलं की वाजवणाऱ्याची जात कळते. याची कळत नाही. याला हात नाही, तोंड नाही, कातडं नाही."

"मग?"

"माझ्या आबांना ऐकवायचंय."

त्यांचे वडील लक्ष्मण वाकळे हे सनई वाजवत. हौस म्हणून नव्हे. ते गावकीचे काम होते. बोलावण्याची वर्दी आली की लग्नाला, वरातीला, पोळ्याला, दारात उभे राहून वाजवायचे. मांडवात यायचे नाही. वाजवून झाले की मागल्या दारी भाकरीसाठी थांबायचे. छप्पन साली वस्तीने धर्म बदलला आणि ही सारी कामे सोडली. लक्ष्मणरावांनी सनई चावडीच्या ओट्यावर नेऊन ठेवली आणि म्हणाले, "तुमची वस्तू तुमच्यापाशी." वाकळे तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते.

"त्या दिवसापासून आबा काहीच ऐकत नाहीत, सर. बँड आला की उठून जातात. जयंतीला येतात, भाषणं ऐकतात, गाणी सुरू झाली की घरी. वस्तीची, आमचीच गाणी. आई म्हणायची, त्यांना राग हाय. मला तसं वाटत नाही. मी बघितलंय. लांबून जरी वाजलं तरी त्यांचे गाल हलतात. ते कुणाला दिसू नये म्हणून उठतात."

मग ते म्हणाले, "लय मोठा वाजवणारा होता, सर, माझा बाप. त्याला ऐकता येईल असं काहीतरी जगात असंल की."

मी हजेरीपट पुढे ओढला. जिज्ञासा हे कारण अपुरे होते, हे माझे मत बरोबर निघाले होते.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचा उल्लेख करावा लागेल. वाकळ्यांनी आठवीच्या मुलांकडून एक कार्यक्रम बसवला. पाच मुले. एकाकडे सायकलचे उलटे चाक, एकाकडे पाण्याने भरलेले ग्लास, एकाकडे पत्रा, एकाकडे रिकामा रांजण. पाचवा तोंडाने वाऱ्यासारखा आवाज काढीत होता. कार्यक्रम सात मिनिटांचा होता. प्रमुख पाहुणे सरपंच होते. पांढरा फेटा बांधून ते पहिल्या खुर्चीवर अतिशय लक्षपूर्वक बसले होते. मुले चाक फिरवीत होती, पत्रा हलवीत होती. सात मिनिटे झाली, मुलांनी नमस्कार केला. सरपंच माझ्याकडे झुकून म्हणाले, "हेडमास्तर, समदं जमवून झालं असंल तर व्हऊ द्या की सुरू."

"संपले," मी म्हणालो.

"काय संपलं?"

मागे उभे असलेले वाकळे हसले. मोठ्याने नव्हे, परंतु सरपंचांनी ते पाहिले. रात्री जेवणावर ते पुन्हा म्हणाले, "पोरं चांगली हायत. फक्त सुरू करायचं राहिलं." ही गोष्ट गावात बरेच दिवस चालली. वाकळ्यांनाही ती आवडे. ते स्वतःच नक्कल करून सांगत.

वडिलांना शाळेत आणणे शक्य नव्हते. त्यांनी बोरीत पाऊल टाकणे सोडले होते. इथल्या पेठेतून वरातीपुढे ते कित्येकदा वाजवत गेले होते. म्हणून वाकळ्यांनी रेडिओ एका रविवारी घरी नेण्यासाठी अर्ज केला. त्यांचे गाव परभणी रस्त्यावर दोन कोसांवर होते. मी अर्ज नामंजूर केला. पहिली अट स्पष्ट होती. त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला.

पुढच्या आठवड्यात केंद्राने जाहीर केले की येत्या रविवारी एक नवी रचना सादर होईल: पूर्ण वाद्यवृंद आणि यंत्राचे आवाज एकत्र. वाकळ्यांनी मला ही बातमी सांगितली. अर्ज दिला नाही. शनिवारभर ते वर्गात नेहमीसारखेच शिकवत होते; फक्त कशालाच टकटक करीत नव्हते.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी जडवस्तू नोंदवहीत लिहिले, "रेडिओ नग एक, दुरुस्तीसाठी परभणीस पाठविला." माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीतली ही एकमेव खोटी नोंद आहे. रविवारी उजाडता वाकळे आले, तेव्हा रेडिओ माझ्या सायकलला बांधलेला होता.

"सर, तुमी?"

"शासकीय वस्तू आहे. सोबत मला आलेच पाहिजे."

घर रस्त्याला लागूनच होते. अंगणात एक लिंब, एक शेळी आणि अंबाडीचा दोर वळत बसलेला एक ठेंगणा, रुंद छातीचा म्हातारा. मान बैलासारखी जाड. गाल मात्र सैल पडून लोंबत होते.

"हेडमास्तर साहेब, या. यशवंता, खुर्ची दे साहेबाला."

खुर्ची एकच होती. तिचा एक पाय दोराने आवळून बांधलेला होता. मी बसलो. त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही.

वाकळ्यांनी तार लिंबाला बांधली, रेडिओ जमिनीवर ठेवला.

"बाजा हाय का ह्यो?" म्हाताऱ्याने विचारले.

"न्हाई आबा. यंतर हाय. हात न्हाई, तोंड न्हाई. माणूसच न्हाई त्याच्यात."

"मग बातम्या लाव. त्यातबी माणूस नसतंय."

मी हसू आवरले. वाकळ्यांचे तिकडे लक्ष नव्हते. त्यांचे कपाळ घामेजले होते. निवेदक इंग्रजीत बोलू लागला. त्याच्या मागे वादक वाद्ये लावत होते. एरवी वाकळ्यांनी रेडिओ बंद केला असता. त्या दिवशी काटा सरकेल या भीतीने त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, "आबा, थोडं थांबा. आता सुरू होईल."

एक बारीक, लांब, सरळ सूर आला. एकटाच. त्याच्या मागून बाकीची वाद्ये एकेक करून त्याला येऊन मिळू लागली.

दोरावरचे म्हाताऱ्याचे हात थांबले.

"आबा, अजून सुरू झालं न्हाई. हे नुसतं..."

"गप."

सूर पुन्हा आला.

"पत्ती हाय ही," म्हातारा म्हणाला.

"काय?"

"पत्ती रं. तोंडात धरायची. सनईची पत्ती. दुसऱ्या जातीची हाय, पर पत्तीच हाय. ऐक की. त्यो एकला सूर द्यायलाय, आन् बाकीचे समदे त्याच्याकून घ्यायलेत."

वाकळे जमिनीवर बसले होते, ते तसेच गुडघ्यांवर उठले. केंद्राकडून त्यांना एक माहितीपुस्तिका आली होती. तीत वाद्यवृंदाचे चित्र होते आणि कोण कुठे बसतो हे दिले होते. त्यांना ते आता आठवले असावे.

"व्हय आबा," ते सावकाश म्हणाले. "तसलं एक वाद्य असतं त्यांच्यात. पत्तीचं. त्याच्यावरच बाकीचे लावून घेत्यात."

"किती जण?"

"शंभर असतील."

"शंभर जण ह्याच्याकून सूर घेत्यात?"

"व्हय."

"ह्यो उभा ऱ्हातो का?"

"न्हाई. बसतो."

"खाली?"

"खुर्चीवर. मधोमध."

म्हातारा रेडिओकडे पाहत राहिला. त्याचे गाल हलत होते, आणि तो उठला नाही.

"वाजवून झाल्यावर कुठं जातो?"

"घरी, आबा."

"आन् भाकर?"

"घरी खातो."

मी खुर्चीवर बसलो होतो. उठावे की बसून राहावे, हे मला ठरवता आले नाही. बसून राहिलो.

टाळ्या झाल्या. मूळ रचना सुरू झाली. यंत्राचा खोल घरघराट, त्यावर तंतुवाद्यांचे ओरखडे. दोन वर्षे ज्याची वाट पाहिली ते समोर चालू होते. म्हाताऱ्याने मिनिटभर ऐकले आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

"हे तुमी ऐका. मी शेळीला पाला टाकतो."

आम्ही दोघांनी ती रचना शेवटपर्यंत ऐकली. वाकळ्यांनी वहीत काही लिहिले नाही. संपल्यावर म्हातारा परत आला.

"झालं व्हय? पुढल्या खेपेला ते पहिलंच लाव."

"आबा, ते मागून मिळत न्हाई. मैफल असंल तरच, ते बी दोन मिनटं."

"मग बसू की वाट बघत. मला कुठं वर्दी हाय?"

परत येताना आम्ही ओढ्यापाशी पोचलो. ओढ्यात पाणी नव्हते. सायकलवरून उतरून ते म्हणाले, "सर, सरपंच विचारत होते, सुरू कधी होणार. मी हसलो होतो."

"हो."

"दोन वर्षं तेवढा वेळ मी रेडिओ बंद ठेवत आलो. सेल वाचावेत म्हणून."

"पुढे चढ आहे," मी म्हणालो. "सायकल हातात घ्या."

सोमवारी मी त्याच नोंदीपुढे लिहिले, "रेडिओ दुरुस्त होऊन परत आला." त्यानंतरही वाकळे वर्षभर रविवारी येत राहिले. यंत्राचे आवाज त्यांनी सोडले नाहीत; त्यांची वही वाढत गेली. मात्र निवेदक बोलू लागला की ते आता डावा कान जवळ नेत, आणि वहीत तारखेखाली सर्वांत आधी एक ओळ लिहीत: "पत्ती ऐकू आली," किंवा "पत्ती आली नाही." पुढे त्यांनी स्वतःचा मोठा रेडिओ घेतला. अर्ज येणे बंद झाले. मी रविवारी हजेरीपट तपासत असे. ते काम लवकर उरकू लागले.

दशक संपता संपता मी निवृत्त झालो. वळकटी आणि दोन ट्रंका घेऊन रविवारी सकाळच्या एस.टी.ने परभणीस निघालो. आदल्या दिवशीच्या निरोपसमारंभाला वाकळे होते; भाषणात ते दोन वाक्ये बोलले, ती दोन्ही नियमांच्या पालनाविषयी होती. त्यांपैकी एक बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते.

दोन कोसांवर रस्त्यात म्हशी आडव्या आल्या. गाडी मंदावली. डाव्या हाताला तो लिंब होता. खाली म्हातारा खुर्चीवर बसला होता. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. खुर्चीचा तो पाय अजून दोरानेच बांधलेला होता. समोर जमिनीवर रेडिओ. झाडाला बांधलेली तार बहुधा तुटली असावी, कारण वाकळे तिचे टोक हात उंच करून धरून उभे होते. एस.टी.च्या इंजिनामुळे मला काहीच ऐकू आले नाही. म्हाताऱ्याचे गाल मात्र दिसले.

कंडक्टरने विचारले, "गुरुजी, ओळखीचे हायत का? थांबवू?"

मी नको म्हणालो. म्हशी बाजूला झाल्या. मी खिडकीतून हात बाहेर काढला होता. वाकळ्यांनी मान वळवली नाही. बरे केले. तार हलली असती.